बिनफोडणीचं पिठलं

तात्यांना हळू बोलता येत नसे. सगळा जन्म खाडीकाठच्या शेतात, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारण्यात गेलेला. शेती सुटली, मुलगा कल्पेश नोकरीला लागला, त्याने गोखिवऱ्यात फ्लॅट घेतला आणि म्हातारा चौथ्या मजल्यावर राहायला आला. आवाज मात्र बांधावरचाच राहिला. ते मोबाईलवर बोलायला लागले की समोरच्या दारातली जयवंती कणीक मळता मळता म्हणायची, "ह्यांना मोबाईल हवाय कशाला? नुसते गॅलरीत उभे राहिले तरी जूचंद्रापर्यंत ऐकू जाईल." एकदा तर तिने सोसायटीच्या मीटिंगमध्ये रीतसर तक्रार केली. तात्यांनी ती लगेच मान्य केली, आणि मान्य केल्याचं इतक्या जोरात सांगितलं की भांडण लागलं समजून खालचा वॉचमन धावत वर आला.

त्याच आवाजाची आता जयवंती रोज दुपारी वाट बघायची.

कोरोनाची दुसरी लाट होती. तिचा नवरा सदानंद प्लास्टिकच्या मोल्डिंगच्या गाळ्यात सुपरवायझर. मालकाने गाळा काही बंद ठेवला नव्हता, आणि सदानंदही घरी बसणाऱ्यातला नव्हता. आधी त्याला ताप आला, मग हिला. दोघांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. हिला नुसता खोकला आणि अशक्तपणा, पण त्याला धाप लागायला लागली. कल्पेशनेच दहा ठिकाणी फोन करून वसईतल्या एका हॉस्पिटलात बेड मिळवला. अॅम्ब्युलन्सचे लोक त्या पांढऱ्या पोशाखात वर आले, सदानंदला खुर्चीत बसवून घेऊन गेले. जाताना तो काहीतरी बोलला, पण मास्कमुळे तिला कळलं नाही. दारावर पालिकेचा कागद चिकटला आणि जयवंती आत राहिली, एकटी. मुलगा संकेत पुण्यात नोकरीला. "तू इकडे पाऊल टाकलंस तर बघ," असा दम तिने त्याला भरला होता.

इमारतीतल्या बायकांनी तिच्या जेवणाची पाळी लावून घेतली. रात्रीचा डबा तळमजल्यावरच्या जाधववहिनींचा, दुपारचा समोरच्या स्वप्नालीचा, म्हणजे कल्पेशच्या बायकोचा. पण तो डबा दारात आणून ठेवायचं काम तात्यांनी कुणाला करू दिलं नाही. स्टुलावर डबा ठेवायचा, बेल मारायची, चार पावलं मागे सरायचं आणि ओरडायचं. "जयवंतीबाय, डबा ठेवलाय! गरम हाय तवर खा! पानी पी भरपूर, पानी!"

तिने दार किलकिलं करून डबा उचलेपर्यंत ते तिथून हलत नसत. मग बंद दाराच्या दोन बाजूंनी दोघांचं बोलणं चालायचं. संकेत फोनवर रोज सांगे, "बाबा ठीक आहेत, आई." तात्या सांगत ते वेगळं. "काल सदाला मोठा मास्क लावलाय. रात खराब गेली. कल्पेस औसद देऊन आला. सकाली जरा बरा हाय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती तशीच फोनकडे वळली होती. तिने संकेतला फोनवर झापलं, आईला फसवतोस म्हणून. पण त्या दिवसापासून तिला एक कळून चुकलं. बाकीचे तिला जपत होते, तात्यांना ते जमत नव्हतं. ज्या माणसाला कुजबुजता येत नाही त्याला खोटं कुठून बोलता येणार? तात्या "बरा हाय" म्हणाले की ती जेवायची. नाही म्हणाले तरी जेवायची, कारण ते दाराबाहेर उभे असायचे.

त्या दिवशी ती उशिरा उठली. रात्री खोकल्याचं औषध जरा जास्तच घेतलं होतं, आणि तिची झोपायची खोली मागच्या बाजूला, टँकर येतो त्या गल्लीकडे. उठल्यावर डोकं जड होतं. चहा करून घेतला, त्याला चव नव्हती. चव जाऊन तर आठवडा झाला होता.

डॉक्टरांचा राऊंड झाला की संकेत हॉस्पिटलात फोन करी आणि मग तिला. त्या दिवशी त्याचा फोन आला नाही. गर्दी असेल, लागला नसेल फोन, असं म्हणून ती भांडी विसळत राहिली. विसळलेली भांडी तिने पुन्हा विसळली. मोबाईल ओट्यावर, समोरच ठेवला होता.

मग बेल वाजली.

एकदाच. जयवंती हात पुसून उभी राहिली. आता हाक येईल म्हणून थांबली. हाक आली नाही. बाहेर चपलांचा हलका आवाज झाला, आणि समोरचं दार लागलं, तेही कुणीतरी हाताने धरून लावावं तसं.

"तात्या?" तिने आतूनच विचारलं. 

तिने दार उघडलं. स्टुलावर नेहमीचा स्टीलचा डबा होता, पॅसेज रिकामा. डबा आत आणून तिने ओट्यावर उघडला. खालच्या पुडात भात. वरच्या पुडात पिठलं.

पिठलं कुणी कधीही करतं. लॉकडाऊनमध्ये भाजी मिळाली नाही की घरोघरी पिठलंच होतं. पण ह्या पिठल्यावर मोहरी नव्हती. कढीपत्ता नव्हता, मिरची नव्हती, तेलाचा टिपूस नव्हता. नुसतं हळद-मिठाचं, पिवळं, गुळगुळीत. जयवंतीने चमच्याने ढवळून पाहिलं, तळापर्यंत. कुठेच फोडणी नव्हती.

तिने चमचा बाहेर काढला आणि डब्यापासून लांब ठेवला.

इमारतीत कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात नेऊन देतात, हे कुणालाही सांगायला लागत नाही. पण बिनफोडणीचं पिठलं द्यायचं, ही पद्धत ह्या इमारतीत जयवंतीनेच आणलेली. तिच्या देवगडकडच्या सासरी तसंच होतं. ज्या घरातून माणूस गेलं त्या घरी त्या दिवशी फोडणीचा वास न्यायचा नाही, असं तिची सासू म्हणायची. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर गेले तेव्हा जाधववहिनी मोहरी तडतडवायला निघाल्या होत्या, तर हिने त्यांचा हात धरला होता. तेव्हापासून सगळ्या तसंच करत आल्या. इतकंच नाही, ताट घेऊन त्या घरात जाऊन बसायची ती जयवंतीच. "नको" म्हणणाऱ्या बाईच्या तोंडात पहिला घास कोंबायची तीही जयवंतीच. त्यावरून सदानंद तिला चिडवायचा. "मी गेलो तर तुला कोण भरवणार गं? सगळा अनुभव तर तुझ्याकडे."

"मेल्या, तोंड फुटो तुझं," असं ती म्हणाली होती. तेही तिला आत्ताच आठवायचं होतं.

तिने संकेतला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सदानंदचा फोन बंद होता, पण तो दोन दिवस बंदच होता, चार्जर घरी राहिलेला. हॉस्पिटलचा नंबर बऱ्याच वेळाने लागला. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं, वॉर्ड विचारला, "होल्ड करा" म्हणाली. कानात गाणं वाजू लागलं. तिच्या जिवाची घालमेल आणि हे गाणं! मग तेही मध्येच तुटलं. नंतर नुसता एंगेज लागत राहिला. कल्पेशचा फोन वाजत राहिला, त्याने उचलला नाही.

पुण्याला संकेतबरोबर राहणाऱ्या मुलाचा नंबर तिच्याकडे होता. त्याने लगेच उचलला.

"काकू... संकेत ना? तो नाहीये इथे."

"कुठे गेला?"

 मागे पंख्याचा आवाज येत होता. "काकू, तो म्हणाला होता तुम्हाला सांगू नकोस. तो तिकडेच निघालाय. सकाळी लवकर कुणाचा तरी फोन आला, तसा बाईक काढून गेला. ई-पास होता त्याच्याकडे."

"कुणाचा फोन?"

"ते... तोच सांगेल तुम्हाला. तुम्ही काळजी घ्या हां, काकू."

तिने फोन ठेवला. ई-पास कशासाठी मिळतो ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. कुणी अत्यवस्थ असलं तर, नाहीतर कुणी गेलं तर. आणि अत्यवस्थ असलेल्या माणसाच्या घरी कुणी पिठलं-भात पाठवत नाही.

 भिंतीला हात लावत लावत ती गॅलरीत गेली. खाली कंपाउंडमध्ये तीन-चार बायका लांब लांब उभ्या होत्या, तोंडाला मास्क. त्यांतल्या एकीने वर पाहिलं, जयवंती दिसताच बाजूचीला काहीतरी म्हणाली, आणि सगळ्या पांगल्या. एक तर चक्क पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिली. वॉचमन खुर्चीवरून उठला, त्यानेही वर पाहिलं. रोज हात जोडणारा माणूस, आज मान खाली घालून गेट उघडायला गेला. गेटपाशी कुणीही आलेलं नव्हतं.

मग तिने जाधववहिनींना फोन लावला. पहिला त्यांनी उचललाच नाही. दुसरा उचलला.

"वहिनी, पिठलं तुम्ही केलंत?"

 "अगं बाई... तुमच्याकडे पण आलं का ते?"

"म्हणजे काय? कुणासाठी केलंत?"

"तुम्ही आधी जेवून घ्या बरं, वहिनी. मग बोलू. दोन घास खा आधी." आणि जाधववहिनींचा आवाज फुटला. त्यांनी फोन ठेवला तरी असावा, नाहीतर त्यांच्या हातून बंद झाला असावा.

दोन घास खा आधी. हेच तर जयवंती म्हणायची, ताट पुढे करून. हेच, ह्याच शब्दांत. कुणाला आधी खायला सांगतात आणि मग बोलतात, हे तिला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती.

ती रागावली. खरं तर रडायला हवं होतं, पण तिला आला तो राग. माणूस माझा, आणि माहीत सगळ्या इमारतीला! वॉचमनला माहीत, पुण्याच्या त्या पोराला माहीत. मलाच तेवढं कुणी तोंडाने सांगायला तयार नाही, डब्यातून सांगतात! तिने डब्याची पुडं एकावर एक ठेवली, कडी लावली, दार उघडलं आणि डबा होता तसा स्टुलावर आपटला. नाही खाणार. हे खाल्लं म्हणजे ते मान्य केलं.

आत येऊन ती आरशासमोर उभी राहिली. तापात तिने कितीतरी दिवसांत कुंकू लावलं नव्हतं, टिकलीसुद्धा नाही. केस पिंजारलेले, गाऊन चुरगळलेला. तिने तोंड धुतलं, केस बांधले, साडी नेसली आणि कपाळावर कुंकू लावलं, नेहमीपेक्षा मोठं. जोवर कुणी समोर उभं राहून सांगत नाही तोवर मी पुसणार नाही, असं ती आरशातल्या बाईला मोठ्याने म्हणाली. खोकल्याची उबळ आली. ती कपाटाला धरून खोकली, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. मग तिला वाटलं, सांगेल असा एकच माणूस आहे. म्हणूनच आज तो ओरडला नाही. खोटं जमत नाही म्हणून गुपचूप डबा ठेवून पळाला म्हातारा. पण मी समोर उभी राहून विचारलं तर त्याच्या पोटात काही राहायचं नाही.

तिने मास्क लावला, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. पालिकेचा कागद दाराबरोबर फडफडला.

"तात्या!" तिने हाक मारली. आवाज चिरकला. "ओ तात्या! बाहेर या! मला खरं काय ते सांगा!"

पॅसेजमध्ये आवाज घुमला. समोरचं दार बंदच.

"तात्या, तुम्ही तरी लपवू नका! माझी शपथ आहे तुम्हाला! बाहेर या आधी!"

वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं आणि लगेच लावलं. तिने पुन्हा हाक मारली, आता छातीत दुखेल इतक्या जोरात, एखाद्या बांधावरून मारावी तशी. "तात्या! अहो तात्या!"

समोरचं दार उघडलं.

दारात स्वप्नाली उभी होती. ओढणीचा बोळा तिने तोंडात धरलेला. डोळे सुजून बारीक झालेले, केस मोकळे, ओले. जयवंती तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या खांद्यावरून आत. हॉलमधला सोफा बाजूला सरकवलेला होता. मोकळ्या फरशीवर एक समई तेवत होती, तिच्याशेजारी पीठ पसरलेलं, त्यावर टोपली पालथी घातलेली. बाजूला भिंतीला टेकवून तात्यांची काठी.

"काकी," स्वप्नालीने ओढणी तोंडातून काढली, "तात्या नाहीत हो. पहाटे गेले. झोपेतच."

माझा नाही. जयवंतीच्या मनात सगळ्यात आधी हेच आलं. माझा नाही, माझा सदा नाही. तिच्या जिवात असा काही जीव आला की तिने दाराची चौकट धरली, आणि देवाचं नाव तिच्या तोंडून निघालंसुद्धा. मग तिने स्वप्नालीचं तोंड पाहिलं. त्या पोरीने ते ऐकलं होतं. जयवंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका बरे आहेत," स्वप्नालीच म्हणाली, जणू दिलासा देण्याची पाळी अजून तिचीच होती. "कल्पेशला आज औषधं घेऊन हॉस्पिटलला जायचं होतं ना, तर त्याला जमणार नाही म्हणून त्याने पहाटेच संकेतला फोन केला. तो पोचेलच. आणि तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं सगळ्यांचं, तुम्ही आधीच एवढ्या अशक्त, तुमचा तात्यांवर जीव. टेस्टशिवाय त्यांना घरी ठेवू देईनात. पालिकेची गाडी आली, लगेच घेऊन गेले. कल्पेश एकटाच गेला बरोबर. आम्ही ना काकी, आवाज न करता रडलो. तुम्हाला ऐकू जाईल म्हणून."

तिने ओढणीने डोळे पुसले. "पण तुमच्या डब्याची वेळ झाली. घरात गॅस पेटवायचा नाही. जाधवकाकूंनी आमच्यासाठी आणलं होतं, त्यातलंच तुमच्या डब्यात घातलं. तात्यांनी मला सांगून ठेवलेलं, काही झालं तरी बायचा डबा चुकवायचा नाय. माझ्या डोक्यातच आलं नाही काकी, की तुम्ही काय समजाल. मला तुमच्यासारखं कुठे ठाऊक असतं."

आत जयवंतीचा मोबाईल वाजू लागला. ती धावली. संकेत होता.

"आई, फोनची बॅटरी गेली होती. मी हॉस्पिटलला पोचलोय, औषधं दिली. बाबा अजून ऑक्सिजनवरच आहेत, पण बोलले. मला शिव्या घातल्या, पुण्याहून कशाला मरायला आलास म्हणून. आई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "काही खाल्लंस का?"

"नाही अजून. आई, तुला कुणी सांगितलं का, तात्या—"

"समजलं," ती म्हणाली. "तू आधी खाऊन घे. मग बोलू."

फोन ठेवून ती पुन्हा दारात आली. स्वप्नाली आपल्या उंबऱ्यात खाली बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. आता मात्र तिला आवाज दाबता येत नव्हता. दोन दारांमधली जमीन आठ-दहा फरशांची. एरवी जयवंती ती कधीच ओलांडून गेली असती, पोरीला पोटाशी धरलं असतं. तिने पाय उचलला, आणि दारावरचा कागद बघून मागे घेतला. छातीत खोकला खदखदत होता. त्या घरात आधीच एकजण कमी झाला होता.

तिने स्टुलावरचा डबा उचलला. आतून ताट आणलं, आणि आपल्या उंबऱ्यात मांडी घालून बसली, स्वप्नालीच्या समोर. भात वाढला. त्यावर ते पिठलं ओतलं.

"स्वप्नाली," तिने हाक मारली. "तुझं ताट घेऊन ये."

"नको काकी. नाही जाणार."

"मला तिकडे येता येत नाही. नाहीतर मी भरवला असता घास. माझ्यासमोर बसून खा."

"नको हो."

जयवंतीने दम घेतला. मग खोकला येईल, छाती दुखेल, कशाचाही विचार न करता, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "ताट आण म्हटलं ना! आणि पाणी पण आण!"

स्वप्नालीने दचकून मान वर केली. क्षणभर तिने आपल्याच घराकडे, काठी होती त्या भिंतीकडे वळून पाहिलं. मग उठून आत गेली आणि ताट घेऊन बाहेर आली. खाली बसली.

जयवंतीने मास्क हनुवटीवर ओढला आणि पहिला घास तोंडात घातला. चव लागत नव्हती, पण थंड झाल्याचं जिभेला कळलं. समोर स्वप्नालीने भात कालवला, आणि बराच वेळ तो तसाच कालवत राहिली.

"खा," जयवंती म्हणाली. "मी बघतेय."